शेवटचं कोण?

ज्या गुरुवारी नेमेसिओ पुपो हिबाराला जायला निघाला आणि बानेसला जाऊन पोचला, त्या संध्याकाळी त्याच्या मुलीने, ओदालिसने, दाराची किल्ली सुतळीत ओवून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"झाले तेवढे तमाशे पुरे," ती म्हणाली. "आता गुरुवार बंद."

हिबारा उत्तरेला, समुद्राच्या काठावर. बानेस पार पूर्वेला. दोन्हीकडचे ट्रक ओल्गीनच्या एकाच नाक्यावरून, बदामाच्या झाडांखालून सुटतात, हे कबूल. पण वर्षानुवर्षं दर गुरुवारी हिबाराचाच ट्रक पकडणाऱ्या माणसाने बानेसच्या ट्रकात चढावं, शेवटच्या थांब्यापर्यंत खुशाल बसून राहावं, आणि उतरल्यावर लोकांना "समुद्र कुठे नेऊन ठेवलात?" असं विचारावं, याला काय म्हणायचं? तिथल्या एका पाववाल्याने त्याला परतीच्या ट्रकात बसवून दिलं. ड्रायव्हर बिचारा भला, त्याने पार घरापर्यंत आणून सोडलं. त्याचे आभार मानायचे राहिले बाजूला, नेमेसिओने त्याची मान न्याहाळली आणि म्हणाला, "हे मागचे केस कुणी कापले? की उंदरांनी कुरतडले? रविवारी ये, सरळ करून देतो."

कारण नेमेसिओ न्हावी. बागेसमोरच्या सरकारी सलूनमध्ये त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्याने तिथली मोडकी खुर्ची मागून आणली आणि ओसरीत मांडली. अर्ध्या गल्लीची डोकी अजून तिथेच हलकी होतात. माणूस ओळखायची त्याची तऱ्हा मात्र पहिल्यापासून उफराटी. समोरून आलेल्याला तो हूं की चूं करायचा नाही, माणूस पुढे गेला की मागून हाक मारायचा, "काय रे, बायको परत आली का?" चेहऱ्यावर माणूस वाटेल ते सोंग आणतो, मानेवर त्याची मात्रा चालत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

हिबाराला राहायची त्याची थोरली बहीण, एदेल्मिरा. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. अंगणात स्टुलावर बसवून कापड बेतायच्या कात्रीने ती त्याचे केस कापायची, आणि ते नुकसान भरून काढायलाच मी न्हावी झालो, असं तो तिच्या तोंडावर सांगायचा. आता तिचे डोळे गेले होते, पाय गेले होते. तोंड तेवढं शाबूत होतं. आणि केस. कमरेपर्यंत पांढरेशुभ्र केस, ज्यांना भावाशिवाय कुणी हात लावलेला तिला खपत नसे. शेजारच्या एनेइदाने एकदा मायेने विंचरायला घेतले, तर हिने फणी तिच्याच अंगावर भिरकावली. तेव्हा दर गुरुवारी नेमेसिओने जायचं, पाणी तापवायचं, तिचे केस धुवायचे, उन्हात वाळवायचे, वेणी घालायची आणि शेवटी व्हायोलेटच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंब कानामागे लावायचे. ओल्गीनला येऊन राहा म्हटलं तर ती म्हणे, "तिथे समुद्र कुठाय? मी ऐकू काय, तुमच्या शेजाऱ्यांची भांडणं?"

म्हणून गुरुवार बंद म्हणजे एकाचा बंद नव्हता, दोघांचा होता. हे ओदालिसला कळत नव्हतं असं नाही. पण ती तरी काय करणार? दवाखान्यात रक्त तपासायचं तिचं काम. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाही वर करून दारात बसलेली असायची. घरात बाप-लेक दोघंच. बापाने पाणी न घालता कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं होतं. शेजारच्या मिग्दालियाला तिच्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली होती. आणि आता हे बानेस. उद्या कुठे तरी हमरस्त्यावर सापडला तर?

"तुला वाटतं मी विसरतो," नेमेसिओ खुर्चीत बसून म्हणाला. पिशवी मांडीवर, पिशवीत फणी, पेरूच्या वडीचा तुकडा आणि फुलांच्या पाण्याची बाटली.

"वाटत नाही बाबा, दिसतं."

"विसरतो तर विसरतो. रांगेत काय मी एकट्यानेच लक्षात ठेवायचं असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुला रांगेत उभं राहायची अक्कल लहानपणापासून नव्हती." एवढं बोलून त्याने जे तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायला बसला तरी गप्प. बापाचा हा अबोला ओदालिसला आरडाओरड्यापेक्षा जड गेला.

शेवटी मिग्दालियाच कुंपणावरून बोलली. "बकरी बांधतात गं, बापाला नाही. जाऊ दे की त्यांना. आणि एवढी काळजी असेल तर मागोमाग जाऊन बघ. माझा रुमाल घे, काळा चष्मा घे. त्या चष्म्यात माझ्या नवऱ्याने मला ओळखलं नव्हतं."

"तुझ्या नवऱ्याला ओळखायचंच नसेल."

"तेही खरं," मिग्दालिया म्हणाली आणि चष्मा आणायला आत गेली.

ओदालिसने कामाचा वार बदलून घेतला. बापाला मात्र एवढंच सांगितलं, "जा या गुरुवारी." मनात तिने ठरवून टाकलं होतं: एकदाच. आज पाय इकडचा तिकडे पडला, तर हात धरून घरी आणायचं, आणि पुन्हा या विषयावर बोलणं नाही. आपलंच खरं ठरेल, अशी तिची खात्री होती. आणि खरं सांगायचं तर तेच तिला सोयीचंही होतं.

नाक्यावर माणसं पांगलेली होती. कुणी बदामाच्या सावलीत उकिडवं बसलेलं, कुणी भिंतीला टेकून पाव खातंय, कुणी भुईमुगाच्या शेंगांची पुडी सोडतंय. ओळ अशी कुठेच नव्हती आणि तरी रांग पक्की होती. ज्याच्या त्याच्या डोक्यात. नेमेसिओ टोपी सारखी करत आला आणि दमदार आवाजात ओरडला, "एल उल्तिमो? हिबाराला शेवटचं कोण?"

"मी, आजोबा," पिशवीत कोंबडी घेऊन बसलेली एक लठ्ठ बाई म्हणाली.

"आणि तुम्ही कुणाच्या मागे?"

"तो खांद्यावर सायकलचा टायर घेतलेला आहे ना, त्याच्या. आणि तो त्या सैनिकाच्या मागे."

नेमेसिओने मान डोलावली. मग तो वळसा घालून बाईच्या पाठीमागे गेला आणि डोळे बारीक करून बघत राहिला.

"अहो आजोबा, काय शोधताय?"

"मान बघतोय. तोंडं राहत नाहीत हल्ली डोक्यात. मान राहते."

"मग कोंबडीची पण बघून घ्या, तीही रांगेतच आहे!" टायरवाला म्हणाला, आणि अर्धा नाका हसला. नेमेसिओने खरंच कोंबडीची मान बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, "हिचं मी काही करू शकत नाही. स्वयंपाकीण करील." रुमाल आणि काळा चष्मा घालून दुसऱ्या झाडाआड उभ्या ओदालिसला हसू आलं आणि स्वतःचाच राग आला.

थोड्या वेळाने हातात वह्या घेतलेली एक मुलगी आली. "शेवटचं कोण?" नेमेसिओचा हात शाळकरी पोरासारखा वर गेला. "मी! ही कोंबडीवाली माझ्या पुढे." मुलगी "बरं" म्हणाली आणि वही उघडून बसली.

मग व्हायचं तेच झालं. म्हातारा शेंगा घ्यायला गेला. शेंगा घेतल्या, शेंगवाल्याच्या मानेवरून दोन शब्द बोलला, आणि परत वळला तेव्हा त्याची नजर नुसती इकडून तिकडे फिरायला लागली. तेवढ्यात धुरळा उडवत एक ट्रक येऊन थांबला. कंडक्टर दाराला लोंबकळून ओरडत होता, "बानेस, बानेस, चला बानेस! चढा राजांनो, मागे नाचायला जागा आहे!" नेमेसिओने पिशवी छातीशी धरली आणि तो सरळ त्या ट्रकाकडे निघाला.

ओदालिसने पाऊल उचललं. तिच्याआधी वहीवाली मुलगी किंचाळली, "आजोबा! ओ आजोबा! तुम्ही माझ्या पुढचे! तो बानेसचा!"

"इकडे या, राजा, इकडे," कोंबडीवालीनेही हात हलवला. "मला सोडून चाललात होय?"

नेमेसिओ थबकला. वळला. कोंबडीवालीच्या मागे जाऊन मान बघितली, आणि खूण पटल्यावर निवांत बसून शेंगा सोलायला लागला, जणू मुद्दामच पाय मोकळे करायला गेला होता.

ओदालिस झाडाला टेकली. 'मी एकट्यानेच लक्षात ठेवायचं असतं?' म्हणजे हे होतं तर. तिच्या बापाने स्वतःला कुणाच्या तरी पुढे आणि कुणाच्या तरी मागे अडकवून घेतलं होतं. एकाही माणसाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि तरी तो कुठला, कुणामागचा, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. गेल्या गुरुवारी त्याच्या मागे कुणी नसणार, म्हणून तो बानेसला गेला. बाकी काही नाही.

हिबाराचा पहिला ट्रक आला तो जवळजवळ भरूनच. सैनिक चढला, टायरवाला चढला, कोंबडीवाली कोंबडीसकट कशीबशी आत कोंबली गेली आणि कंडक्टरने दार लावलं. "पुढच्याला, आजोबा!" राहिली दोघं, नेमेसिओ आणि वहीवाली. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक तरुण आला, मुलीशी काही बोलला. ती उठली, पण तशीच गेली नाही. रीतीप्रमाणे आधी म्हाताऱ्याजवळ आली.

"आजोबा, मी चालले हं. आता शेवटचे तुम्हीच."

"जा बाळा. मी आहे."

मोटरसायकल गेली. ऊन चढलं होतं, नाका ओस पडला होता. नेमेसिओ एकटाच उरला. त्याच्या पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. थोडा वेळ तो टोपी काढून बदामाखालच्या बाकावर ताठ बसला होता. मग त्याने पिशवी उघडली, बाटली काढली, हातात फिरवली, परत ठेवली. चेहरा हळूहळू कोरा होत गेला. तो उठला, पँट झटकली आणि हमरस्त्याच्या दिशेने चालू लागला. कुठे, ते त्याला माहीत नसावं. टोपी बाकावरच राहिली.

ओदालिसला हवं होतं ते सगळं डोळ्यांपुढे होतं. आता दंड धरायचा आणि घरी न्यायचं. कुणी नावं ठेवली नसती, मिग्दालियानेसुद्धा नाही. ती चार ढांगांत त्याच्याजवळ पोचली. हात पुढे केलासुद्धा. पाठमोरा बाप तिला एवढासा दिसला. तिने हात मागे घेतला, डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि नाक्यावर विचारतात तसंच, मोठ्याने विचारलं:

"हिबाराला शेवटचं कोण?"

म्हातारा जागच्या जागी थांबला. पाठ सरळ झाली. वळताना त्याचा हात आधी वर गेला.

"मी. मी शेवटचा, बाई. तुम्ही माझ्या मागे."

तो तिच्याकडे बघत होता, अगदी जवळून, तिच्या डोळ्यांत. नजर सभ्य होती आणि परकी होती. ओदालिसला वाटलं, इतकं कधी दुखलं नव्हतं. पण प्रश्न विचारला की पुढचा विचारावा लागतो.

"आणि तुम्ही कुणाच्या मागे?"

"मी..." तो गोंधळला. झाडाखाली बघितलं. "एक मान होती माझ्या पुढे. रुंद, घामोळं आलेली. गेली वाटतं. म्हणजे आता पहिलाही मीच!" तो हसला, बाकाकडे परत आला, टोपी घातली आणि तिच्यासाठी जागा झटकून दिली. "बसा. बाई, एक विनंती करू का?"

"करा ना."

"मी इकडेतिकडे गेलो तर हाक मारा. माझी मुलगी म्हणते मी विसरतो. तिला कळता कामा नये."

"का?"

"गुरुवार बंद करील ती. वाईट नाही हो ती. दमते बिचारी, सकाळपासून दुसऱ्यांच्या दंडात सुया टोचायच्या म्हणजे काय. पण तिला असं वाटतं की सगळं तिनेच एकटीने सांभाळायचंय. रांगेत कशी उभी राहिली नाही ना कधी. सारखी पुढे घुसायची."

ओदालिसला हसावं की रडावं कळेना. तिने रुमालाचं टोक दातांत धरलं आणि समोर बघत राहिली. "मारीन हाक," ती म्हणाली. त्याने तिला मूठभर शेंगा दिल्या.

दुसरा ट्रक आला. नेमेसिओ चढला, मागून ती चढली. पुढच्या थांब्यांवर माणसं वाढत गेली. "जरा वाट द्या", "माझा पाय हो, काकी", "पुढच्या वळणावर उतरायचंय, ठोका जरा!" असा गलका चालला. एका पोरसवद्या माणसाने नेमेसिओला बसायला जागा दिली. ओदालिस त्याच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून, छताचा बार धरून उभी राहिली. त्याला तोंड दाखवायचा तिला धीर नव्हता. टेकडी उतरताना समुद्राचा वारा शिरला आणि मिग्दालियाचा रुमाल डोक्यावरून सरकून खांद्यावर पडला.

मागे कुणीतरी उठून उभं राहिलं आणि तिच्या मानेला बोट लागलं. खालून वर, केसांच्या कडेकडेने, वस्तरा चालवण्याआधी चाचपतात तसं. ओदालिसच्या मानेवरचे केस जन्मापासून उलटे, डावीकडे वर चढणारे. लहानपणी ओसरीत बसवून ते वळवता वळवता बापाने हात टेकले होते.

"ओदालिस," मागून आवाज आला. "केस किती वाढवलेस गं मागे. कशी दिसतेस!"

ती वळली. बाप तिच्याकडे बघत होता आणि या वेळी तो तिचाच बाप होता.

"तू इथे कशी? दवाखाना?"

"सुट्टी काढली. म्हटलं आत्याला भेटावं."

"बरं केलंस."  मग तो मान उंचावून आजूबाजूला शोधायला लागला आणि हळूच म्हणाला, "माझ्या मागे एक बाई होत्या. बऱ्या होत्या स्वभावाने. शेंगा दिल्या मी त्यांना. कुठे दिसत नाहीत."

"उतरल्या असतील बाबा," ओदालिस म्हणाली आणि डोळे पुसायला तिने रुमाल वर घेतला.

हिबाराला एदेल्मिरा दारातच खुर्चीत बसून होती, केस मोकळे सोडून. "मागच्या गुरुवारी कुठे होतास?" तिने भावाला पहिल्याप्रथम फैलावर घेतलं. नेमेसिओ पिशवीत फणी शोधायला लागला.

"ट्रकच नव्हता, आत्या," ओदालिस म्हणाली. "सबंध दिवस एकही नाही."

"हे सरकार!" एदेल्मिरा म्हणाली आणि डोकं मागे टेकवलं. पाणी तापलं. ओदालिस ओसरीच्या पायरीवर बसून बघत राहिली. कालचं जेवण न आठवणारा तिचा बाप. पण त्याची बोटं त्या पांढऱ्या केसांत कुठेच अडखळत नव्हती. निघताना तिने एनेइदाला बाजूला घेऊन परतीच्या नाक्याचं समजावून सांगितलं. एनेइदा म्हणाली, "एवढंच ना? आजवर नाक्यापर्यंत मीच त्यांच्याबरोबर येत होते की. मागचं माणूस आल्याशिवाय मी हलतच नाही." ओदालिसला याचा पत्ता नव्हता.

पुढच्या गुरुवारी तिने किल्लीची सुतळी स्वतःच्या गळ्यातून काढून बापाच्या गळ्यात घातली आणि त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत गेली. "आता जा तू," नेमेसिओ म्हणाला. "लोक उपाशी बसले असतील तुझ्यासाठी." त्याने शेवटचं माणूस विचारून घेतलं होतं, मागून मान बघून ठेवली होती, कोळ्याची, उन्हाने रापलेली. पण त्याच्या मागे अजून कुणी नव्हतं.

"जाते," म्हणून ओदालिस उभीच राहिली. दवाखाना उघडला असेल. बाह्या वर झाल्या असतील, डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत असतील. त्यांनी काय ते बोलून घ्यावं. ती बदामाखाली उभी राहिली, आणि तिला कसलीच घाई वाटेना.

शेवटी रस्ता ओलांडून एक माणूस आला. एका तळहातावर निळ्या फेसाचा वाढदिवसाचा केक, उघडाच, आणि दुसऱ्या हाताने माश्या वारतोय.

"हिबाराला शेवटचं कोण?"

"मी!" नेमेसिओचा हात वर गेला. "केक सांभाळा. हा कोळी माझ्या पुढे."

"बरं, आजोबा. मी तुमच्या मागे."

"ते विसरतात कधी कधी," ओदालिस त्या माणसाला हलक्या आवाजात म्हणाली.

"मग काय झालं? मी आहे ना," तो म्हणाला आणि केक सावलीत धरायला वळला.

ओदालिसने त्याची मान एकदा नीट बघून घेतली, आणि ती कामाला निघाली.